खापरपणजोबा आणि पांझरेचा पूर

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सनदा, शिक्के, तलवारी आणि चौसोपी वाडे उभे राहतात. ज्याच्या घरी यांतले काही नाही त्याला वाटते, आपल्या घराण्याला इतिहासच नाही. हा समज खरा नाही. शेतकऱ्याच्या घरी सनद नसेल, पण गोष्ट असते. कुणाचा पणजा वाघाशी झुंजलेला असतो. कुणाची पणजी छप्पन्नच्या दुष्काळात पोर काखेला मारून दूरच्या मुलखात चालत गेलेली असते. कुणाच्या आजोबांनी भर बाजारात सावकाराला दोन शब्द सुनावलेले असतात. या गोष्टी घरात पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात, आणि आपण त्या ऐकून हसतो किंवा हळहळतो. त्या खऱ्या किती, हे मात्र सहसा कुणी पाहत नाही.

आज मी अशाच एका गोष्टीची तपासणी तुमच्यापुढे ठेवणार आहे. ही गोष्ट माझ्याच घरची आहे. तिच्यात पराक्रम नाही. नदीकाठच्या एका दारूच्या दुकानापाशी झालेली ती फजिती आहे. तरीही ती सांगण्याजोगी वाटते, कारण तिच्या पोटात एका माणसावरचा आरोप आहे, आणि तो आरोप आमच्या घरात शंभराहून अधिक वर्षे कुणी तपासलेला नव्हता.

आमचे गाव खानदेशात, धुळ्याच्या खाली पांझरा नदीच्या काठी आहे. पांझरा सह्याद्रीच्या अंगाने साक्रीकडून येते, धुळ्यावरून जाते, मग उत्तरेला वळून मुडावदजवळ तापीला मिळते. आमच्या आजोबांचे आजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा, या नदीकाठी कापूस आणि ज्वारी पिकवीत. गोष्ट अशी सांगतात की, ते एका रात्री नदीकाठच्या कलालाच्या दुकानात दारू पिऊन पडले होते. रात्रीतून पांझरेला पूर आला. पाण्याने दुकान उचलले आणि त्याबरोबर खापरपणजोबाही वाहून गेले. दारूच्या एका रिकाम्या पिंपाला मिठी मारून ते तरंगत राहिले आणि खालच्या गावच्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. पुढे त्यांची नदीकाठची जमीन गेली. सांगणारा शेवटी एक वाक्य अहिराणीत म्हणे, “आमनं वावर दारूमा गयं.” म्हणजे, आमचे शेत दारूत गेले.

एवढ्यावर गोष्ट संपे. लहानपणी आम्हांला पिंपाची मोठी मौज वाटे. मोठेपणी शेवटचे वाक्य टोचू लागले. आमच्या घरी पुढच्या तीन पिढ्यांनी दुसऱ्याच्या शेतात राबून दिवस काढले. त्या सगळ्या हालांचा धनी एकच माणूस ठरला होता, आणि तोही पिंपाला मिठी मारून बसलेला!

आता तपासाला सुरुवात कुठून करावी? पहिला प्रश्न विचारावा तो असा, की ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली. माणसे म्हणतात, “पूर्वीपासून असंच ऐकत आलोय.” तेवढ्यावर थांबू नये. मी ही गोष्ट आजीकडून ऐकली. आजीने ती तिच्या सासूकडून, म्हणजे माझ्या पणजीकडून ऐकली. पणजीने ती आपल्या सासूकडून ऐकली, आणि ती सासू पुराच्या दिवशी गावात हजर होती. म्हणजे प्रत्यक्ष पाहणारी बाई आणि मी यांच्यामध्ये दोनच तोंडे आहेत. शंभराहून अधिक वर्षांचे अंतर ऐकले की छाती दडपते, पण तोंडे मोजली तर ते अंतर फार वाटत नाही. तुमच्याही घरी अशी मोजणी करून पाहा.

दुसरी गोष्ट म्हणजे घराण्याच्या निरनिराळ्या शाखांत तीच हकीगत कशी सांगतात ते पाहावे. आमच्या घरची एक मुलगी, खापरपणजोबांचीच लेक, तापीकाठच्या एका गावी दिली होती. तिच्या वंशजांकडे मी मुद्दाम गेलो. त्या घरातल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी गोष्ट सांगितली, तिच्यात पूर होता, कलालाचे दुकान होते, वाहून जाणेही होते. पण पिंप नव्हते. त्या म्हणाल्या, “अरे, पिंप कुठलं? बैलाचं शेपूट धरून निघाला तो. एक बैल गेला, एक बैल राहिला.” वावर दारूत गेले, हे वाक्य त्यांना ठाऊकच नव्हते.

इथे थोडे थांबून विचार करू. एकाच प्रसंगाच्या दोन हकिगती आहेत. खरी कोणती धरावी? जी जास्त रंगतदार ती धरू नये. सांगणाऱ्याचा त्या गोष्टीत काय स्वार्थ आहे, हे आधी पाहावे. आमच्या घरात जमीन गेल्याचे दुःख होते, म्हणून कुणाला तरी दोष देण्याची गरज होती. लेकीच्या सासरी त्या जमिनीशी कुणाचे काही देणेघेणे नव्हते. त्यांना बाप वाचला एवढेच महत्त्वाचे होते. ज्याला गोष्ट फिरवून काही मिळवायचे नसते, त्याच्याकडे ती पुष्कळदा जुन्या रूपात शिल्लक राहते. आत्याबाईंचा बैल म्हणून मला पिंपापेक्षा भरवशाचा वाटू लागला. पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. त्यासाठी पुढे जावे लागले.

तिसरा प्रश्न काळाचा. हा पूर कोणता? पांझरेला पूर पुष्कळ आले. माझ्या पणजोबांविषयी घरात म्हणत, “तो पुराच्या सालचा.” जुनी माणसे वय असेच सांगत. कुणी दुष्काळाच्या सालचा, कुणी पटकीच्या सालचा, कुणी पुराच्या सालचा. गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, ज्याला गाव नमुना चौदा म्हणतात त्यात, पणजोबांच्या मृत्यूची नोंद १९४२ सालची आहे आणि वय सत्तर लिहिले आहे. अशा नोंदींतले वय अंदाजी असते, हे लक्षात ठेवावे. पण सत्तर वजा केले की १८७२ साल येते, आणि या सालाने खानदेशात मोठी खूण ठेवली आहे.

१८८० साली सरकारने खानदेश जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. पुढे सगळ्या हिंदुस्थानचे जे गॅझेटियर निघाले त्यातही खानदेशचे प्रकरण आहे. त्यांत १८७२ च्या पुराची हकीगत येते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्या एकदम चढल्या. धुळे शहरातली पाचशेवर घरे पाण्याने गिळली. नदीपलीकडचे एक आखखे गाव बघता बघता नाहीसे झाले. १५ सप्टेंबरला सकाळी सहा ते सात या वेळात पांझरेतून सेकंदाला दीड लाख घनफूट पाणी वाहत होते. एकंदर १५२ गावांचे नुकसान झाले आणि हजारावर माणसांना धर्मादाय मदत द्यावी लागली. म्हणजे आमच्या घरातला ‘पूर’ हा जिल्ह्याच्या इतिहासातला पूर होता. आजीच्या गोष्टीला सरकारी दप्तराचा पहिला आधार मिळाला.

आता पंचांग काढू. १५ सप्टेंबर १८७२ हा रविवार. शके १७९४, अंगिरा नाम संवत्सर, भाद्रपदाचा शुद्ध पक्ष, अनंत चतुर्दशीच्या लगतचे दिवस. आमच्या घरात हा पूर गणपती बोळवायच्या वेळचा म्हणून सांगतात. ते जुळले. पण माझे एक चुलते गोष्टीत सार्वजनिक गणपतीची मिरवणूक, लेझीम आणि ढोल घालीत. ते जुळत नाही. लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते १८९३ पासून. १८७२ साली घरचा गणपती पाटावर घेऊन नदीवर जात, एवढेच. मिरवणूक ही नंतरची भर आहे. चुलत्यांनी ती खोटे बोलायचे म्हणून घातली नाही. त्यांनी जसा गणपती पाहिला तसाच तो आजोबांच्या आजोबांच्या काळी असेल, असे ते धरून चालले. गोष्टींत बहुतेक भर अशीच पडते.

याच रीतीने आणखी एक धागा तुटला. गोष्टीच्या एका पाठात खापरपणजोबा धुळ्याहून आगगाडीने परत येतात. पण चाळीसगाव-धुळे हा रेल्वेचा फाटा १९०० साली सुरू झाला. १८७२ साली धुळ्याला आगगाडी नव्हती. तेव्हा आगगाडी गेली.

आता वेळ पाहू. धुळ्याला पाणी सगळ्यांत जास्त चढले ते सकाळी सहा ते सात. आमचे गाव धुळ्याच्या खाली. तिथे लोंढा त्यानंतर पोचणार, म्हणजे चांगले उजाडल्यावर. गोष्टीत मात्र रात्र आहे. पाणी रात्रीपासून चढत असेल, हे खरे, पण दुकान उचलून नेणारा लोंढा दिवसा आला असला पाहिजे. मग त्या वेळी एक शेतकरी दारूच्या दुकानापाशी काय करीत होता? तो रात्रीपासून तिथे पडून होता, असे म्हणता येईल. तो सकाळी काही कामाने तिथे गेला होता, असेही म्हणता येईल. वेळेवरून एवढेच कळते की रात्रीचा भाग नक्की धरता येत नाही.

आता त्या दुकानाविषयी. नदीकाठीच दुकान का? आज आपल्याला ते मौजेचे ठिकाण वाटेल, पण त्या काळी त्याचे कारण साधे होते. खानदेशात दारू मोहाच्या फुलांची काढीत. फुले पाण्यात भिजवून आंबवायची, आंबलेला रस मडक्यात घालून भट्टीवर चढवायचा, वाफ नळीने दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडे गार पाण्यात बसवायचे. म्हणजे पावलोपावली पाणी लागे. त्यामुळे ओढ्याचा किंवा नदीचा काठ सोयीचा पडे. त्या काळी दारू काढण्याचा आणि विकण्याचा हक्क मक्त्याने देत. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. त्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांतून दारू काढावी, तिच्यावर गॅलनमागे कर घ्यावा आणि दुकानाला परवाना द्यावा, अशी पद्धत रुळत गेली. आमची हकीगत या कायद्याच्या सहा वर्षे आधीची आहे. भट्टी आणि दुकान एकाच छपराखाली असण्याचा तो काळ होता.

आता पिंप! खेड्यातल्या अशा भट्टीवर मोहाची दारू मातीच्या मडक्यांत ठेवीत. लाकडी पट्ट्यांचे मोठे पिंप हे छावणीच्या आणि शहरातल्या विलायती मालाच्या दुकानातले. मडक्याला मिठी मारून एवढ्या पुरात तरंगणे अवघड. उलट बैलाचे शेपूट धरून नदी उतरणे ही आपल्याकडच्या शेतकऱ्याची जुनी रीत आहे. बैल पोहणारा प्राणी आहे. तो घाबरला तरी काठाकडे ओढ घेतो. पिंप हे पुढे कुणी तरी बाटल्या आणि पिंपे असलेले दुकान पाहिल्यावर गोष्टीत शिरले असावे. आत्याबाईंच्या बैलाचे पारडे आणखी जड झाले.

इथवर आलो आणि मग कागद हाती लागला. आमच्या जुन्या घराची माळवदाची खोली उतरवताना पत्र्याच्या एका पेटीत तीन कागद मिळाले. तिन्ही मोडीत. घरात मोडी वाचणारे कुणी उरले नव्हते. पेटी पिढ्यान्‌पिढ्या होती, कागदही होते, पण कुणाला वाचता येत नव्हते, म्हणून त्यांच्यावर दुसरीच गोष्ट रचली गेली. धुळ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते कागद मला वाचून दिले.

धुळ्याचे नाव निघाले म्हणून एक आठवण देतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, माळ्यावरची आणि कोनाड्यांतली दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. बखरीपेक्षा त्या त्या वेळचा अस्सल कागद मोलाचा, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले. ते १९२६ साली धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला त्यांच्या नावाने संशोधन मंडळ सुरू झाले. राजवाडे राज्याच्या इतिहासाचे कागद शोधीत होते. आपल्या पेटीतल्या कर्जरोख्यालाही तोच नियम लावता येतो.

पहिला कागद शके १७९४ च्या मार्गशीर्षातला, म्हणजे पुरानंतर सुमारे तीन महिन्यांचा. तो कर्जरोखा आहे. खापरपणजोबांनी एका सावकाराकडून रक्कम घेतली आणि नदीकाठचे शेत नजरगहाण लिहून दिले. नजरगहाण म्हणजे जमिनीचा ताबा आपल्याकडेच, पण कर्ज न फिटल्यास सावकाराचा हक्क. रक्कम कशासाठी घेतली? रोख्यात लिहिले आहे, बैल एक आणि बियाणे यांसाठी.

बैल एक! आत्याबाई म्हणाल्या होत्या, एक बैल गेला, एक बैल राहिला. त्या बाईंना वाचता येत नव्हते. पेटीतला कागद त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. आमच्या घरातून त्यांच्या घरी त्याची बातमी जाण्याचा संभवही नव्हता, कारण आमच्याच घरी तो कुणी वाचलेला नव्हता. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता तेच बोलले, म्हणजे साक्ष पक्की झाली. औताला दोन बैल लागतात. रब्बीची पेर तोंडावर आली होती. एक बैल घेऊन शेतकरी करणार काय? त्याने कर्ज काढले.

पण रोख्यातली खरी मोलाची ओळ पुढेच आहे. गहाण जमिनीची ओळख पटावी म्हणून अशा कागदांत तिच्या चारी बाजू लिहितात. त्याला चतुःसीमा म्हणतात. या शेताच्या चतुःसीमेत उत्तरेस नदी, आणि पूर्वेस ‘कलालाची दुकानाची जागा’ असे लिहिले आहे. पुराने दुकान नेले, म्हणून कागदात दुकान नव्हे, दुकानाची जागा उरली. म्हणजे खापरपणजोबांचे शेत त्या दुकानाला लागून होते! ज्या माणसाचे शेतच दुकानाच्या बांधाला बांध लावून आहे, तो पुराच्या सकाळी तिथे का गेला, याला आता दारूची गरज उरली नाही. बैल शेतात बांधलेले असतील, पाणी चढतेय हे कळले असेल, तर शेतकरी आधी कुठे धावेल? बैलांकडेच. गावातल्या लोकांनी दुरून पाहिले ते हे, की दुकानापाशी माणूस होता आणि दुकानासकट वाहून गेला. पुढे ‘दुकानापाशी’ याचे ‘दुकानात’ झाले.

खापरपणजोबा दारू पीत नव्हते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला कागदात आधार नाही. पूर्वजाला निर्दोष ठरवायची घाई करणे आणि त्याला दोषी ठरवायची घाई करणे, या दोन्ही गोष्टी तपासाला सारख्याच बाधतात. प्रश्न एवढाच आहे, की वावर दारूत गेले काय?

त्याचे उत्तर उरलेल्या दोन कागदांत आहे. दुसरा रोखा शके १७९७ चा आहे आणि तिसरा कागद शके १८०० चा. दर तीन वर्षांनी एक. हा तीनचा आकडा कुठून आला? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाची फिर्याद करायला तीन वर्षांची मुदत घातली होती. ऋणकोला संरक्षण मिळावे, हा हेतू. पण सावकार मुदत संपायच्या आत जुने व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागले. कायदा कुळाच्या बाजूने केला होता, आणि त्यानेच तीन वर्षांच्या आत व्याजावर व्याज चढू लागले. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्या दंग्याच्या चौकशीत हे कारण पुढे आले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यात नव्हता. आमच्या पेटीतल्या दुसऱ्या कागदात रक्कम वाढलेली आहे. तिसऱ्या कागदात ती मूळ रकमेच्या दुपटीच्या वर गेली आहे, आणि तो तिसरा कागद रोखा नाही, खरेदीखत आहे. जमीन गेली.

कर्ज फिटले का नाही? एका बैलाचे कर्ज ते किती! त्याचेही कारण नदीकडेच आहे. खानदेशात सरकारची पाहणी आणि जमाबंदी १८५० नंतरच्या वीस वर्षांत झाली, आणि तीस वर्षांनी फेरपाहणी झाली. दोन्ही वेळची त्या सर्व्हे नंबराची नोंद काढून शेजारी ठेवली. पहिल्या पाहणीतले क्षेत्र दुसऱ्या पाहणीत निम्म्याहून कमी झाले आहे. उत्तरेची कड नदीने कातरून नेली होती. नदीने अर्धा एकर किंवा अधिक जमीन वाहून नेली तर तेवढा सारा कमी करून मिळण्याची तरतूद १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात होती. पण सारा कमी झाला म्हणून जमीन परत येत नाही, आणि सावकाराचे व्याजही कमी होत नाही. अर्ध्या शेतावर सबंध शेताचे कर्ज फेडायचे होते.

शिवाय कापसाचा भाव. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश कापसाचा मुलूख. शेतकऱ्यांच्या हातात पैसा खेळला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि पत उरली नाही. खापरपणजोबांच्या पाठीवर हे सगळे ओझे पुराच्या आधीपासूनच होते.

तर वावर गेले ते असे. थोडे नदीने नेले, थोडे कापसाच्या पडत्या भावाने ओढले, आणि राहिलेले तीन-तीन वर्षांच्या रोख्यांनी गिळले. तिन्ही कागदांत दारूच्या उधारीचा शब्द नाही.

मग ‘दारूमा गयं’ हे आले कुठून? ते वाक्य माझ्या पणजीच्या तोंडी नव्हते. आजीला मी अनेकदा विचारले होते. ती म्हणे, “सासूबाई नुसतं ‘नदीत गेलं’ म्हणायच्या.” म्हणजे वाक्य बदलले ते आजीच्या पिढीत. तो काळ दारूबंदीच्या प्रचाराचा. गावोगाव भजने, व्याख्याने, प्रभातफेऱ्या होत. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. घरातल्या पोरांना दारूपासून दूर ठेवायचे होते, आणि दाखला घरातच तयार होता. नदीकाठ, कलालाचे दुकान, वाहून गेलेला आजा आणि गेलेली जमीन! त्याने काम चोख केले. आमच्या घरात पुढे कुणी दारूला शिवले नाही.

उपदेश चांगला होता, यात शंका नाही. दारूने बुडालेली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण या एका घराचे कारण निराळे होते. ‘नदीत गेलं’ असे म्हटले तर ऐकणारा विचारतो, मग पुढे काय झाले, कर्ज कुणी दिले, व्याज किती होते? ‘दारूत गेलं’ असे म्हटले की प्रश्न संपतात. पूर, पडलेला भाव, रोखा, कायद्यातली फट हे सगळे बाजूला राहते आणि एका माणसाची खोड पुढे येते. आमच्या घरात तेच झाले. गरिबी आपल्याच माणसाच्या दोषाने आली, असे तीन पिढ्या समजत होत्या, आणि मान खाली घालून राबत होत्या. इतिहास कळून गेलेली जमीन परत मिळत नाही, पण ती मान वर करता येते.

आता शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. हे काम तुमच्या शाळेतली मुले करू शकतात. सहावी-सातवीच्या मुलांना सांगा, घरातल्या सगळ्यांत वडील माणसाकडून एक गोष्ट लिहून आणा. ज्या शब्दांत सांगितली त्याच शब्दांत लिहा, अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो. खाली लिहा, कुणी सांगितली, त्यांनी कुणाकडून ऐकली, कोणत्या दिवशी लिहून घेतली. मग तीच गोष्ट आत्याकडे, मावशीकडे, लेकीबाळींच्या सासरी कशी सांगतात ते विचारा. लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या घरी जुन्या गोष्टी फार टिकतात.

त्यानंतर गोष्टीतल्या वस्तू आणि सण तपासा. मोटार, आगगाडी, रॉकेलचा दिवा, चहा, सार्वजनिक गणपती, या प्रत्येकाला आपले एक साल आहे. गोष्टीचे साल आणि वस्तूचे साल जुळते का पाहा. मग कागदाकडे या. तलाठ्याकडचे गाव नमुने, भूमी अभिलेख कार्यालयातल्या पाहणीच्या नोंदी, दुय्यम निबंधकाकडची खतांची सूची, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतली नामावळी, शाळेचे जुने दाखला रजिस्टर, आणि घरातली ट्रंक. जुने अभिलेख आता बऱ्याच ठिकाणी संगणकावर आले आहेत, त्यामुळे पूर्वीइतके हेलपाटे पडत नाहीत. मोडीचे वर्गही अनेक गावी चालतात. प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाने जरी मोडी शिकून घेतली, तरी त्या पंचक्रोशीतल्या किती तरी पेट्या बोलू लागतील.

एक पथ्य मात्र पाळा. मुलाने आणलेल्या गोष्टीला ‘खोटी’ म्हणू नका. आमच्या गोष्टीत पिंप चुकीचे, आगगाडी चुकीची, मिरवणूक चुकीची आणि दारूचा शेवटही चुकीचा. तरीही पूर खरा, नदी खरी, दुकान खरे, वाहून जाणे खरे. ती गोष्ट कुणी सांगितलीच नसती तर पेटीतल्या तीन कागदांचा अर्थ मला लागला नसता. नुसते कागद म्हणजे एका शेतकऱ्याने बैलासाठी घेतलेले कर्ज, एवढेच. तो बैल कसा गेला, हे फक्त गोष्टीत होते.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पूर्वजांच्या नावाने घागर भरतात. आमच्या घरी खापरपणजोबांच्या नावाचीही घागर भरतात. हल्ली पोरांनी विचारले, “हे कोण?” तर त्यांना सांगतो, पुरात बैल सोडवायला गेले होते ते.